गुडघा दुखतो म्हणून फिरले, बिघडला होता खुबा : सिकलसेल आणि हाडांची दुखणी

वैनगंगाकाठ | ४ डिसेंबर, रात्री ९:१२

मी एसएस, म्हणजे सिकलसेलची रुग्ण. आई-बाबा दोघंही वाहक, दोघांकडून एकेक सिकल जनुक माझ्या वाट्याला आलं. वय ३१, माहेर भंडारा जिल्ह्यात पवनीकडे, सध्या नागपूरला असते. इथे सिकलसेलवर आधी झालेले धागे वाचले. लग्नाआधीची तपासणी, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, रक्त चढवणं यावर चांगली चर्चा आहे. हाडांबद्दल मात्र कुणी लिहिलेलं दिसलं नाही, आणि माझी गेली बारा वर्षं हाडांपायीच गेली आहेत.

१९ वर्षांची होते. घरी रोवणी चालू होती. बांधीत उतरायला मला आईची सक्त मनाई, म्हणून धुऱ्यावर उकिडवी बसून पऱ्ह्यांच्या पेंढ्या पुढे करत होते. उठताना उजवा गुडघा आतून ओढल्यासारखा दुखला. क्रायसिस, म्हणजे सिकलसेलमध्ये अचानक उठणारा दुखण्याचा झटका, मला लहानपणापासून माहीत आहे. क्रायसिसमध्ये दुखणं अंगभर भटकतं, चार-सहा दिवस लोळवतं आणि जातं. हे तसं नव्हतं. रोज थोडं दुखायचं, चाललं की वाढायचं, पडून राहिलं की कमी व्हायचं. ताप नाही, सूज नाही.

पुढच्या तीन वर्षांत गुडघ्याचे एक्सरे किती काढले ते मोजलेले नाहीत. सगळे "नॉर्मल". एका ठिकाणी सांगितलं, "सिकलसेल आहे ना, मग दुखणारच." दुसरीकडे संधिवात म्हणून गोळ्या दिल्या. गावाजवळ एकजण कमरेत इंजेक्शन द्यायचे, त्याने दोन तासांत आराम पडायचा. असं सहा-सातदा घेतलं. ते स्टेरॉइड असणार हे मला फार नंतर कळलं.

मांडी घालता येईना तेव्हा खरं म्हणजे कुणीतरी सावध व्हायला हवं होतं. चुलतभावाच्या लग्नाच्या पंगतीत मी एकटी खुर्चीवर बसले, तर काकू म्हणाल्या, "काहून गं, शिकली म्हणून खाली बसत नाही का?" मी रडले होते त्या दिवशी. कारण कुणालाच सांगता येत नव्हतं, मलाही माहीत नव्हतं.

२२ व्या वर्षी एका तरुण डॉक्टरांनी मला पाठीवर झोपवलं, गुडघा वाकवला आणि पाय आतल्या बाजूला फिरवून पाहिला. मी किंचाळले. ते म्हणाले, "गुडघा नाही, खुबा." दोन्ही खुब्यांचा एक्सरे काढला. उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा वरून चेपलेला, उकडलेल्या बटाट्यावर अंगठा दाबल्यासारखा. डाव्या बाजूचा एक्सरे चांगला दिसत होता, पण एमआरआयमध्ये तिथेही सुरुवात झालेली निघाली. याला ते एव्हीएन म्हणतात, अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरणं.

उजव्या खुब्याची बदल शस्त्रक्रिया २८ व्या वर्षी झाली. डावा अजून माझाच आहे आणि मी तो जिवापाड सांभाळते.

हा धागा मी एका गोष्टीसाठी काढला. सिकलसेलच्या माणसाचं प्रत्येक दुखणं क्रायसिस नसतं. क्रायसिस नसताना जांघ, मांडी किंवा गुडघा आठवड्यांमागून आठवडे दुखत असेल, मांडी घालणं, उकिडवं बसणं, चप्पल घालायला पाय वर घेणं जड जात असेल, तर खुबा तपासून घ्या. दोन्ही खुबे एका फोटोत येतील असा एक्सरे मागा. तो चांगला आला तरी दुखणं राहिलं तर एमआरआय मागा. माझी तीन वर्षं गेली ती परत येणार नाहीत. ज्यांना असे अनुभव आहेत त्यांनी लिहा, ज्यांना यातलं कळतं त्यांनीही.

पळसफूल | ४ डिसेंबर, रात्री १०:०५

माझ्या बहिणीचा खांदा. डावा. वेणी घालायला हात वर जात नाही. दोन वर्षं "फ्रोझन शोल्डर" म्हणून शेक चालू आहे. ती पण एसएस. खांद्यालाही होतं का हे?

मेदिनी | ४ डिसेंबर, रात्री ११:३८

मी अस्थिरोग शल्यचिकित्सक आहे, तीन वर्षं गडचिरोली जिल्ह्यात काम केलं. वैनगंगाकाठ, गुडघ्याची गल्लत फार होते, कारण खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसा काही अंशी त्याच आहेत. लहान मुलांमध्ये तर खुबा बिघडला तरी मूल बोट गुडघ्याकडेच दाखवतं.

पळसफूल, हो. खुब्याखालोखाल खांद्याच्या गोळ्याला होतं. खांद्यावर शरीराचा भार नसल्याने गोळा उशिरा खचतो, म्हणून कुणी बघत नाही. एक्सरे आणि लागल्यास एमआरआय करून घ्या. आणि बहिणीचे खुबेही तपासा. एका सांध्यात एव्हीएन असलेल्याच्या दुसऱ्या सांध्यात ते असण्याची शक्यता बरीच असते.

हे नेमकं काय होतं ते थोडं लिहितो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि मऊ गोल पेशी विळ्यासारखी ताठ होते. हाडाच्या आतल्या मगजात रक्त आधीच संथ असतं, तिथे अशा पेशी अडकायला वेळ लागत नाही. क्रायसिसमधलं हाडांचं दुखणं म्हणजे बहुतेक वेळा मगजाचा एखादा तुकडा रक्ताविना मरत असतो. लांब हाडाच्या मधल्या भागात असं झालं तर शरीर ते भरून काढतं. खुब्याचा गोळा मात्र मोजक्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगतो आणि त्यावर अख्ख्या शरीराचा भार पडतो. मेलेलं हाड लगेच मोडत नाही. शरीर ते खरवडून नवं घालू लागतं, त्या मधल्या काळात ते कच्चं असतं आणि वरचा घुमट खचतो. एकदा घुमट खचला की गोलाई गेली, मग वाटी आणि गोळा एकमेकांना घासतात आणि सांधा झिजतो.

अमेरिकेत १९९१ मध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १० टक्क्यांच्या खुब्यात हे दिसलं, आणि तेही साध्या एक्सरेवर. एमआरआय वापरला तर आकडा वाढतोच.

आणखी एक. ज्यांना सिकलसेलसोबत अल्फा थॅलेसेमियाही (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) असतो त्यांचं हिमोग्लोबिन बरं असतं, रक्त कमी वेळा चढवावं लागतं. पण रक्त दाट असल्यामुळे त्यांना एव्हीएनचा धोका जास्त. "माझं एचबी साडेदहा आहे, माझा आजार सौम्य आहे" असं म्हणत खुब्याकडे दुर्लक्ष करणारे बरेच भेटले.

आर्णीची_आई | ५ डिसेंबर, दुपारी १:२०

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. माझं लेकरू १४ महिन्यांचं आहे. परवापासून दोन्ही हातांचे पंजे सुजले, बोटं फुगून चमकायला लागलीत. एका पायावर पण सूज आहे. हात लावू देत नाही, रात्रभर रडते. सासूबाई म्हणतात काहीतरी चावलं. जावेने हळद-चुना लावून कापडाने घट्ट बांधलं. ताप १००. आम्ही दोघं वाहक आहो पण बाळाची तपासणी राहून गेली. काय करू?

मेदिनी | ५ डिसेंबर, दुपारी १:३१

आधी ते बांधलेलं सोडा. घट्ट बांधायचं नाही, बर्फ लावायचा नाही, चोळायचं नाही. कोमट कापडाने हलका शेक, दूध-पाणी भरपूर, वजनानुसार पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन नाही. आणि आजच बाळाला घेऊन बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जा. आजच म्हणतो ते तापामुळे. सिकलसेलच्या बाळांची प्लीहा, म्हणजे रक्तातले जंतू गाळणारा अवयव, लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : "आम्ही दोघं सिकलसेल वाहक आहोत, बाळाची तपासणी झालेली नाही."

तुम्ही वर्णन करताय ते हात-पाय सुजण्याचं लक्षण असावं, डॅक्टिलायटिस. जन्मानंतर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, ते बाळाला राखतं. ते ओसरलं की साधारण सहा महिन्यांपासून पुढे हे दिसतं. एवढ्या लहान बाळांच्या बोटांच्या हाडांतही रक्त तयार करणारा लाल मगज असतो, तो रक्ताविना दुखतो. पाच-सहा वर्षांपर्यंत तो मगज तिथून मागे हटतो आणि हा प्रकार थांबतो. बोटं सहसा पुन्हा चांगली होतात.

आर्णीची_आई | ५ डिसेंबर, दुपारी १:३६

निघालो.

सातपुडा_शिक्षक | ५ डिसेंबर, रात्री ८:५०

नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या वर एका आश्रमशाळेत शिकवतो. आमच्याकडे भिल्ल, पावरा मुलांमध्ये सिकलसेल पुष्कळ. ज्याला आम्ही शाळेतले सगळे क्रायसिस समजलो, अशा एका मुलाबद्दल लिहितो.

सातवीतला मुलगा. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत. एका सकाळी म्हणाला, नडगी दुखते. आमच्याकडे ठरलेलं आहे, पाणी पाजा, ऊब द्या, गोळी द्या, नाही थांबलं तर आरोग्य केंद्र. त्याला सलाईन लागलं, दोन दिवसांत बरं वाटलं, परत आला. पुन्हा ताप. पुन्हा सलाईन. दहाव्या दिवशी नडगी एकाच जागी टरारून लाल झालेली, हात लावला तर चटका बसेल इतकी गरम. मोठ्या रुग्णालयात नेल्यावर हाडातून पू काढला, त्यात साल्मोनेला जंतू वाढले. हाडाला आतून जंतुसंसर्ग. सहा आठवडे औषध, त्यातला बराच काळ शिरेतून, आणि दोनदा हाड साफ करावं लागलं. तो आता दहावीला आहे, चालतो, फक्त तो पाय थोडा आखूड राहिला.

मी त्या दहा दिवसांचा विचार अजून करतो. मला एवढंच कळायला हवं होतं की एकाच जागेचं दुखणं, न उतरणारा ताप आणि लाल गरम सूज ही तिन्ही एकत्र आली की शाळेत थांबायचं नाही.

मेदिनी | ५ डिसेंबर, रात्री १०:१५

सर, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. हे ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं. सिकलसेलमध्ये रक्ताविना हाड मरणं हे हाडाच्या जंतुसंसर्गापेक्षा कितीतरी पटींनी जास्त वेळा घडतं. दोन्हींत सूज, दोन्हींत ताप, दोन्हींत पांढऱ्या पेशी वाढलेल्या. एमआरआयमध्येही दोन्ही सारखी दिसू शकतात. शंका असेल तर रक्ताचं कल्चर (नमुन्यात जंतू वाढतात का ते पाहणं) आणि सुईने हाडाजवळचं पाणी काढून त्याचं कल्चर, हाच खात्रीचा मार्ग. आणि शक्य असेल तर हे नमुने अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचे. एकदा अर्धवट औषध गेलं की जंतू नमुन्यात वाढत नाहीत आणि हाडात मात्र राहतात.

साल्मोनेलाच का, असं बरेचजण विचारतात. आतड्याच्या अस्तरातही बारीक बारीक जागी रक्त अडतं, तिथून हे जंतू रक्तात शिरतात, आणि प्लीहा निकामी असल्याने गाळले जात नाहीत. मेलेलं हाड त्यांना आयतं घर मिळतं. दुसरा नेहमीचा जंतू स्टॅफिलोकॉकस. उकळलेलं पाणी आणि हात धुणं हा हाडांचाही बचाव आहे, हे आश्रमशाळेत सांगण्यासारखं आहे.

आर्णीची_आई | ६ डिसेंबर, सकाळी ७:०२

ॲडमिट केलं. ताप उतरला. आज रक्त तपासायला देणार आहेत, एचपीएलसी, त्यात सिकलसेल आहे का ते कळतं म्हणे. रात्री तीन तास सलग झोपली. तुम्हा सगळ्यांचे पाय धरते.

वैनगंगाकाठ | ६ डिसेंबर, सकाळी ७:४०

ताई, तुम्ही वेळेत गेलात. माझ्या आईने मला अशीच सुजलेल्या हातांची कडेवर घेऊन नागपूर गाठलं होतं, ती गोष्ट ती अजून सांगते. रिपोर्ट काहीही येवो, इथे लिहा. एसएस निघालं तर पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस आणि फॉलिक ॲसिडबद्दल तिथेच विचारून घ्या, सुट्टी होण्याआधी.

खोबारची_सिस्टर | ६ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

मी मूळची चंद्रपूरची, परिचारिका. नऊ वर्षं सौदी अरेबियाच्या पूर्व भागात आहे. कतीफ आणि अल-अहसा इथे सिकलसेल खूप, आणि गंमत नव्हे तर खरंच सांगते, यांचा सिकल जनुक आणि आपल्या विदर्भातल्या लोकांचा सिकल जनुक एकाच वंशप्रकाराचा आहे, त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. यात मोठेपणीही गर्भातलं हिमोग्लोबिन बरंच टिकून राहतं. त्यामुळे आफ्रिकेतल्या प्रकारांपेक्षा हा सौम्य, असं पुस्तकात शिकवलं गेलं.

पण आमच्या वॉर्डात खुबा बदलायला येणारी मुलं-मुली पंचविशीतली असतात. जगण्याला धोका कमी असला तरी खुब्यांना सौम्य नाही, हे मी रोज पाहते. पहिल्यांदा एका बाईने कण्हताना हात जांघेवर ठेवला तेव्हा मला माझी मावशी आठवली. ती लंगडायची, आणि आम्ही सगळे म्हणायचो लहानपणी पडली असेल. तिची कधी तपासणीच झाली नाही.

घाटावरचा | ६ डिसेंबर, रात्री ९:१८

वाचून सुन्न झालो. हा आजार फक्त आदिवासींमध्ये असतो ना? आमच्याकडे पुण्यात कधी ऐकलं नाही.

वैनगंगाकाठ | ६ डिसेंबर, रात्री ९:५५

नाही. विदर्भात गोंड, परधान, माडिया, कोरकू यांच्यात आहे तसाच तो अनुसूचित जातींमध्ये आहे आणि इतर मागासवर्गीयांतही आहे. मलेरिया जिथे पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकांना मलेरियाचा जबर तडाखा कमी बसतो. आणि माणसं आता गावात थोडीच राहिली आहेत. आमच्या तालुक्यातली निम्मी पोरं पुणे, चाकण, सुरतेत आहेत. पुण्यातल्या डॉक्टरांसमोर पंचविशीतला लंगडणारा तरुण आला आणि तो विदर्भातला किंवा नंदुरबारचा असेल, तर सिकलसेलची तपासणी डोक्यात यायला हवी. आडनावावरून आजार ओळखायचा नाही आणि वगळायचाही नाही.

चाकण_शिफ्ट | ७ डिसेंबर, रात्री १२:४०

वरचं वाचून लिहितोय. मी वणीचा, वय २६, चाकणला कंपनीत. उभं राहून काम. सात महिने उजवी जांघ दुखते. कधी कधी गुडघ्यापर्यंत. कंपनीच्या डॉक्टरांनी "नस दबली" सांगून कमरेचा एमआरआय केला, त्यात काही नाही. माझ्याकडे शाळेत शिबिरात मिळालेलं सिकलसेलचं कार्ड आहे, त्यावर वाहक लिहिलंय. क्रायसिस म्हणतात तसा कधी झाला नाही, पण थंडीत हातपाय ठणकतात ते लहानपणापासून. वाहकाला एव्हीएन होतं का?

मेदिनी | ७ डिसेंबर, सकाळी ८:१०

नुसत्या वाहकाला सिकलमुळे हा त्रास सहसा होत नाही. वाहकाचा खुबा खराब निघाला तर दारू, स्टेरॉइड, जुनी इजा अशी दुसरी कारणं शोधतात. पण मला तुमच्या कार्डाबद्दलच शंका आहे. ते कशावरून दिलं? शिबिरात आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते, वाहक की रुग्ण ते सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. शिवाय एक तिसरा प्रकार असतो : एका पालकाकडून सिकल, दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया. तो माणूस वाहक नसतो, रुग्ण असतो, आणि काहींना बऱ्याच वयापर्यंत मोठा त्रास होत नाही.

दोन गोष्टी करा. एचपीएलसी, आणि दोन्ही खुब्यांचा एमआरआय. साधा चालेल, रंगद्रव्याचं इंजेक्शन लागत नाही. कमरेचा नव्हे, खुब्यांचा, हे कागदावर नीट लिहून घ्या. तोपर्यंत जड उचलणं आणि उड्या बंद.

अनुभवी२०१० | ७ डिसेंबर, सकाळी ११:००

माझ्या ओळखीत एकाला आयुर्वेदिक तेलाने आणि काढ्याने एव्हीएन पूर्ण बरं झालं. शस्त्रक्रियेची घाई करू नये. आणि आता स्टेमसेलचं इंजेक्शन आलंय, त्याने गोळा नवा तयार होतो.

मेदिनी | ७ डिसेंबर, दुपारी २:२५

तुमच्या भावनेचा आदर आहे, पण इथे वाचणाऱ्यांचे पैसे आणि वेळ यात जातात म्हणून स्पष्ट लिहितो. खचलेल्या गोळ्याची गोलाई कोणत्याही तेलाने, काढ्याने किंवा इंजेक्शनने परत येत नाही. हलका कोमट शेक देऊन स्नायू सैल होत असतील तर तेल लावा, त्यात वावगं नाही. मात्र निनावी पुड्या आणि "गॅरंटी"ची चूर्णं घेऊ नका. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. स्टेरॉइडने सिकलसेलमध्ये क्रायसिस उसळू शकतो आणि एव्हीएनचं तर तेच एक ठळक कारण आहे. वैनगंगाकाठ यांनी घेतलेल्या त्या इंजेक्शनांनी किती नुकसान केलं ते आता मोजता येणार नाही, पण आजाराला हातभार लागला असू शकतो.

गोळा खचण्याआधी एक छोटी शस्त्रक्रिया करतात, कोअर डीकम्प्रेशन. मांडीच्या हाडाच्या बाजूने गोळ्यापर्यंत भोक पाडून आतला दाब कमी करायचा. काही ठिकाणी त्यात रुग्णाच्याच मगजातल्या पेशी सोडतात. तिच्याबद्दलही खरं सांगायचं तर, २००६ मध्ये सिकलसेलच्या रुग्णांवरच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना शस्त्रक्रिया आणि व्यायाम, अर्ध्यांना फक्त व्यायाम. तीन वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखे होते. रुग्ण पन्नासहून कमी होते, त्यामुळे शेवटचा शब्द म्हणता येणार नाही. पण व्यायामाला कमी लेखू नका, हे त्यातून नक्की निघतं.

हायड्रॉक्सीयुरियाबद्दलही कुणी विचारेल म्हणून. त्याने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं, क्रायसिस कमी होतात, आणि ते घ्यायलाच हवं, रक्ताच्या पेशी नियमित मोजत. पण एव्हीएन टळतंच अशी हमी त्यावर कुणी देऊ नये.

पाऊलवाट | ७ डिसेंबर, रात्री ९:०५

मी फिजिओथेरपिस्ट, अमरावती. वरच्या व्यायामाच्या वाक्याने हुरूप आला, म्हणून सविस्तर.

खुबा दुखला की माणूस त्या पायावर भार टाकणं टाळतो. खुब्याच्या बाजूचे स्नायू वाळतात, मग चालताना कंबर एका बाजूला पडते आणि सांध्यावर उलट जास्तच भार येतो. हे चक्र तोडायचं. दुखऱ्या बाजूला वर ठेवून कुशीवर झोपा, गुडघा सरळ ठेवून पाय वर उचला, पाच मोजा, खाली. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचला. पालथं झोपून एकेक पाय मागे उचला. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा, दुखणं वाढणार नाही इतपत. क्रायसिस चालू असताना नाही. व्यायामाआधी आणि नंतर पाणी प्या, थंडीत पहाटे करू नका, ऊन आल्यावर करा. थंड पाण्याच्या तलावात पोहायला जाऊ नका, थंडीने क्रायसिस येतो.

काठीबद्दल जवळपास प्रत्येकजण चुकतो. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात नाही, दुसऱ्या हातात धरायची. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय पुढे पडतो तेव्हाच काठी टेकायची. खुब्यावरचा भार चांगलाच उतरतो. माझ्याकडे येणारी तरुण मुलं काठी धरायला लाजतात. गावात एकदा हातात काठी दिसली की लग्न जमणार नाही अशी भीती असते, मुलींच्या घरी तर जास्तच. मी आईवडिलांना सांगते, काठीने खुबा वाचतो, आणि खुबा वाचला तर लंगड उशिरा येतं.

घरात एवढे बदल : खाली बसायचं टाळा, जेवायला उंच खुर्ची. शौचाला बैठं भांडं असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते, गावातला सुतारही लाकडाची करून देतो. धान निवडणं, मोहफुलं वेचणं, तेंदूपत्ता बांधणं ही सगळी उकिडवी कामं, ती दुसऱ्याने करायची. आणि हो, वजन आणि ड जीवनसत्त्व दोन्ही तपासा. या रुग्णांत ड जीवनसत्त्व कमी असणं फार आढळतं आणि हाडं आधीच मगज पसरल्याने पातळ झालेली असतात.

पळसफूल | ८ डिसेंबर, सकाळी १०:१५

पाठीच्या मणक्यांबद्दल कुणी सांगेल का? बहिणीच्या जुन्या एक्सरेवर "मणके माशाच्या तोंडासारखे" असं काहीतरी लिहिलंय.

मेदिनी | ८ डिसेंबर, दुपारी ३:००

सिकलसेलची ओळखीची खूण आहे ती. मणक्याच्या मधल्या भागाचा रक्तपुरवठा अडला की तिथली वाढ खुंटते आणि वरखाली खोलगट खड्डे पडतात. पाठ दुखते, उंची थोडी कमी राहू शकते. सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते. पायात मुंग्या, शक्ती जाणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं असं काही झालं तर मात्र तातडीने दाखवा.

खोबारची_सिस्टर | ८ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

वैनगंगाकाठ, खुबा बदलण्याच्या वेळचा अनुभव लिहाल का? घाबरलेले लोक त्यासाठीच धागा वाचत असतील.

वैनगंगाकाठ | ८ डिसेंबर, रात्री १०:३०

लिहिते.

हाडाचे डॉक्टर आणि रक्ताचे डॉक्टर एकमेकांशी बोलतात की नाही, हे मी पहिलं पाहिलं. पहिल्या ठिकाणी शस्त्रक्रियेची तारीख द्यायला तयार होते, पण सिकलसेलसाठी वेगळं काय करणार याचं उत्तर नव्हतं. मी तारीख सोडली. दुसऱ्या ठिकाणी दोघांनी एकत्र बसून ठरवलं. माझं हिमोग्लोबिन ७.८ होतं. आधी रक्त चढवून ते दहाच्या आसपास आणलं. शस्त्रक्रियेआधी रक्त दिल्याने मोठे धोके कमी होतात असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसल्याचं त्यांनी मला समजावून सांगितलं. रक्त नीट जुळवून घ्यायला दोन दिवस जास्त लागले, कारण मला आधी बऱ्याचदा रक्त दिलेलं होतं आणि माझ्या रक्तात विरोधी द्रव्यं तयार झाली होती. उपाशी ठेवण्याच्या काळात सलाईन चालू. ऑपरेशनच्या खोलीतला एसी कमी करून मला गरम पांघरुणात ठेवलं. नंतर ऑक्सिजन, आणि दर तासाला फुगा फुगवायचा व्यायाम, छातीत पेशी अडकू नयेत म्हणून.

सर्जन नंतर म्हणाले की मांडीच्या हाडाची पोकळी जागोजाग दगडासारखी भरली होती, कृत्रिम खुब्याची दांडी बसवायला एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागला. सिकलसेलमध्ये हे होतं. हाड चिरण्याचा आणि पुढे जंतुसंसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त, हे त्यांनी आधीच लिहून सही घेतली होती. मला ते आवडलं. कुणी खोटा धीर देण्यापेक्षा हे बरं.

तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभी राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा रात्री कूस बदलताना जाग आली नाही. २८ व्या वर्षी बसवलेला खुबा जन्मभर पुरणार नाही, पुन्हा बदलावा लागेल, हे मला माहीत आहे. तरीही मी पुन्हा हाच निर्णय घेईन.

खर्चाबद्दल : महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयागणिक बदलतं, आरोग्यमित्राला आधी भेटा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल हा स्वतंत्र प्रकार म्हणून आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. खुबा किंवा खांदा अडला असेल तर अस्थिरोगाचे कागदही जोडा, फक्त रक्ताचा रिपोर्ट देऊन येऊ नका. मी पहिल्या वेळी तेच केलं आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी कमी मिळाली.

आर्णीची_आई | ११ डिसेंबर, दुपारी ४:१०

रिपोर्ट आला. एसएस. रडून झालं. पेनिसिलिन सुरू केलं, लस पुढच्या महिन्यात. हात पूर्ण उतरले, आज तिने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंना मी हा पूर्ण धागा वाचून दाखवला. त्यांनी आता घट्ट बांधायचं कापड फेकलं आणि लोकरीचे मोजे विणायला घेतले.

सातपुडा_शिक्षक | ११ डिसेंबर, रात्री ९:००

ताई, टाळ्यांचं वाचून फार बरं वाटलं. या धाग्यातले मुद्दे मी सोप्या भाषेत लिहून वसतिगृहाच्या भिंतीवर लावले. पावरी बोलीत एका मुलीने त्याचं भाषांतर केलं.

चाकण_शिफ्ट | १९ डिसेंबर, रात्री ११:२०

दोन्ही झालं. एचपीएलसीत सिकल हिमोग्लोबिन ७० च्या वर, साधं हिमोग्लोबिन खूप कमी, ए-टू नावाचं हिमोग्लोबिन वाढलेलं. डॉक्टर म्हणाले सिकल-बीटा थॅलेसेमिया, वाहक नाही. एवढी वर्षं कार्ड खिशात घेऊन फिरलो. एमआरआय : दोन्ही खुब्यांत एव्हीएन, उजवीकडे जास्त, पण दोन्ही गोळे अजून गोल आहेत, खचलेले नाहीत. बसून करायच्या कामासाठी कंपनीला पत्र दिलं. सुपरवायझरने ऐकून घेतलं. रक्ताच्या डॉक्टरांकडे सोमवारी नंबर आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

मेदिनी | १९ डिसेंबर, रात्री ११:४४

गोळे गोल आहेत हे फार महत्त्वाचं. खचण्याआधी सापडलं. आईला सांगा, आणि भावंडांची एचपीएलसी करून घ्या.

वैनगंगाकाठ | २० डिसेंबर, सकाळी ६:५०

भाऊ, मला २२ व्या वर्षी जे कळलं तेव्हा माझा उजवा खचलेला होता. तुझे दोन्ही उभे आहेत. उजवा जास्त दुखतो ना? मग काठी डाव्या हातात. आज शिफ्टला निघतानाच घे.

चाकण_शिफ्ट | २० डिसेंबर, सायंकाळी ७:१५

घेतली. बसस्टॉपपर्यंत पहिल्यांदा न थांबता गेलो.